ऊब जमली, पण वाफेनं घात केला

थर्माकोलच्या पेटीत बल्ब लावून अंडी उबवणाऱ्यांची तक्रार ठरलेली असते: पिल्लू तयार होतं, पण १८व्या-२०व्या दिवशी कवचातच मरतं. हे दुखणं फार जुनं आहे.

इजिप्तमध्ये शेकडो वर्षं कच्च्या विटांच्या दुमजली भट्ट्यांत हजारो अंडी उबवली जायची. खाली अंडी, वर शेण अन् भुशाचा विस्तव. थर्मामीटर नव्हता, कारागीर अंडं पापणीला लावून ऊब ओळखायचे. भट्टीची भोकं गरजेप्रमाणे उघडायची, झाकायची.

फ्रान्सच्या रेओम्यूरनं १७४९ साली या कलेवर ग्रंथ छापला. त्यानं शेणखताच्या ढिगात पिंपं पुरून अंडी ठेवली. ऊब बरोबर मिळाली, पण खताची दमट वाफ आत शिरून पिल्लं मेली. वाफ अडवली, झाकणाला उघडझाप होणारी भोकं ठेवली, तेव्हा कुठं पिल्लं निघाली.

कारण साधं आहे. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी बाहेर जातं, प्राणवायू आत येतो. १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के घटायला हवं. ओल जास्त झाली तर हवेची पोकळी लहान राहते अन् पिल्लू गुदमरतं. फार कमी झाली तर पडदा वाळून अंगाला चिकटतो.

म्हणून पहिले १८ दिवस ५०-५५ टक्के आर्द्रता, शेवटचे ३ दिवस ६५-७० टक्के. ती वाढवायला भोकं बुजवू नका, पाण्याचं भांडं पसरट घ्या. शेवटच्या दिवसांत तर पिल्लाला हवा जास्तच लागते.