मंत्र्याची कात्री

नाशिककडच्या द्राक्षबागेत छाटणीच्या दिवसांत गेलात तर टोळीतल्या जवळजवळ प्रत्येकाच्या हातात एकच हत्यार दिसेल... सिकेटर. कुंडीतला गुलाब छाटायला आमची काकूही तेच वापरते. शब्द मूळचा फ्रेंच, लॅटिनमधल्या 'कापणे' या क्रियापदावरून केलेला. इंग्रजीतून फिरत आला आणि आपल्या शेतकऱ्याने तो जिभेला बसेल तसा वळवून घेतला.

मला गंमत वाटते ती ही कात्री केली कुणी याची. माळ्याने नाही, लोहारानेही नाही. तिचे श्रेय दिले जाते बर्त्राँ द मोलव्हील या फ्रेंच सरदाराला. हा गृहस्थ १७९१-९२ मध्ये सोळाव्या लुईचा नौदलमंत्री होता. क्रांतीचा वणवा पेटल्यावर जीव वाचवून इंग्लंडला पळाला, तिथे बसून क्रांतीचा इतिहास लिहिला आणि १८१४ मध्ये राजेशाही परतल्यावर मायदेशी आला. त्यानंतर वर्षभरात, म्हणजे १८१५ च्या सुमारास, ही कात्री. १८१८ मध्ये तो वारलाही. (ज्याच्या राजाचे डोके एका पात्याखाली गेले त्याने म्हातारपणी दुसरे पाते घडवावे! असो.)

तोपर्यंत युरोपात द्राक्षवेल छाटत ते वाकड्या सुरीने. तिचे घराणे फार जुने. पहिल्या शतकातल्या कोलुमेल्ला या रोमन लेखकाने वेल छाटण्याच्या कोयतीचे सहा भाग नावानिशी सांगितले आहेत : मुठीजवळची सुरी, मग बाक, तासणी, चोच, टोक आणि पाठीवर अर्धचंद्रासारखी इवलीशी कुऱ्हाड. ओढून कापायचे, तासायचे, कोरायचे, घाव घालायचा, प्रत्येक कामाला वेगळी धार! असे हत्यार हातात बसायला वर्षे लागत. ओढ चुकली तर डोळा जाई (वेलीचा हो, फांदीवरच्या कोंबाला आपल्याकडे डोळाच म्हणतात) किंवा स्वतःचा अंगठा.

आणि कात्री? ती कुणालाही दाबता येते. मला वाटते, खरे दुखणे हेच असणार. जुने कसबी कामगार पुढची कित्येक दशके सुरीला धरून राहिले. 'कात्री लाकूड चेचते' ही तक्रार मात्र अगदी खरी होती, नुसता हटवाद नव्हता. सुरी ओढत कापते, तिची जखम गुळगुळीत. कात्रीत फांदी दोन जबड्यांत सापडते, एका बाजूने पाते शिरते आणि दुसऱ्या बाजूने आकडा दाबतो. आकड्याकडची साल चेपली की जखम लवकर भरत नाही आणि बुरशीला दार उघडे मिळते.

यावरचा उपाय इतका साधा आहे की बागकाम करणाऱ्या सगळ्यांना सांगावासा वाटतो. पाते नेहमी राहणाऱ्या भागाकडे धरा, आकडा टाकून द्यायच्या तुकड्याकडे. चेपायचे ते टाकाऊ चेपू दे. काप डोळ्याच्या किंचित वर आणि डोळ्यापासून दूर उतरता. विकत घेताना एवढे बघा : ओल्या फांदीला एकमेकांना घासून जाणाऱ्या पात्यांची कात्री, वाळक्या लाकडाला सपाट ठोकळ्यावर पाते टेकते ती. बोटापेक्षा फारच जाड फांदी असेल तर सरळ करवत घ्या, मनगट पिळू नका. रोगट झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाते स्पिरिटने पुसा.

सुधारणेचा मोठा टप्पा पुढे स्वित्झर्लंडमध्ये आला. १९४५ मध्ये फेलिक्स फ्लिश यांनी फेल्को ही कंपनी काढली. हलक्या अॅल्युमिनियमच्या मुठी, आणि पाते, स्प्रिंग, स्क्रू सगळे बदलता येणारे. धार गेली म्हणून कात्री फेकायची नाही, ही गोष्ट मला त्या लाल मुठींपेक्षा जास्त आवडते.

मग कसब संपले का? नाशिकला विचारा. आपल्याकडे थंडी अशी पडत नाही की वेल पुरती झोपेल, म्हणून वर्षात दोनदा छाटणी. एप्रिलमधल्या खरड छाटणीत काडी पार खाली, बहुधा एका डोळ्यावर आणतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीत काडीची जाडी बघून, कितव्या डोळ्यात घड दडला असेल त्याचा अंदाज घेऊन काप द्यायचा. डोळे हल्ली प्रयोगशाळेतही तपासून आणतात. पण ओळीत उभा असलेला छाटणीवाला दर काडीपाशी क्षणभर थांबतो, नजरेने डोळे मोजतो आणि मगच सिकेटर मिटतो.