मिलोची भाकरी

१९७२ च्या दुष्काळाला २०२२ साली पन्नास वर्षे झाली. प्रशासनाच्या अभ्यासकांच्या दृष्टीने ते रोजगार हमीचे वर्ष. आमच्या घरात मात्र ते ‘मिलोचे साल’ म्हणून ओळखले जाते.

मिलो म्हणजे अमेरिकेतून आलेली तांबडी ज्वारी. रेशनवर तीच मिळे. बीड जिल्ह्यातील आमच्या घराला शाळूच्या पांढऱ्याशुभ्र भाकरीची सवय. मिलोचे पीठ गरम पाण्यात मळूनही चिकटत नसे. थापताना कडा फाटत, आणि तव्यावरून उतरे ती विटकरी रंगाची, खरखरीत भाकरी. आजोबा ती मिरचीच्या कालवणात कुस्करून मुकाट्याने गिळत. आईने पुढे तांबडे धान्य घरात येऊ दिले नाही.

मी तेव्हा दोन वर्षांचा होतो. आई व आत्या पाझर तलावाच्या कामावर माती वाहत आणि मी बाभळीला बांधलेल्या झोळीत असे. कामावर मिळणारी गोडसर सुकडी आत्या पदराच्या गाठीत बांधून थोरल्या भावासाठी घरी आणी. मजुरी मात्र वेळेवर मिळत नसे, हे आई आजही चिडून सांगते.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला हा प्रसंग फार मोठा वाटतो. त्या वर्षी राज्याचे धान्योत्पादन निम्म्याच्या आसपास घसरले होते. १९४३ साली बंगालमध्ये लक्षावधी माणसे मेली, कारण धान्य विकत घेण्याची त्यांची ऐपतच संपली होती. महाराष्ट्रात मे १९७३ मध्ये सुमारे पन्नास लाख लोक दुष्काळी कामांवर होते. तुटपुंजी का होईना, मजुरी हाती येत होती, आणि बंगालसारखा संहार टळला. टळलेल्या मृत्यूंची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. बेचव भाकरी तेवढी लक्षात राहते.

वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्यापूर्वीचीच होती. दुष्काळाने तिला बळ दिले. १९७७ साली कायदा संमत झाला व २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आपल्यापैकी ज्यांनी मुंबई-पुण्यात नोकरी केली, त्यांना पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर आठवत असेल. तो या योजनेसाठीच बसवला गेला होता. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराचा भार उचलावा, ही तरतूद मला कायद्याइतकीच धाडसाची वाटते.

२००५ साली केंद्राने देशभरासाठी असा कायदा केला. मजुरी पंधरा दिवसांत द्यावी, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. तरी विलंबाच्या तक्रारी पुढेही येतच राहिल्या.