मोजदादीचा अधिकार

लोकांची माहिती गोळा करून ती लोकांच्याच हितार्थ वापरू, असे म्हणणाऱ्या संस्थांचा आज सुकाळ आहे. नफा हा त्यांचा हेतू नसतो, आणि म्हणूनच त्यांच्या अधिकाराविषयी विचारणा करणे असभ्यपणाचे मानले जाते. आमच्या मते ही समजूत तपासून पाहण्याजोगी आहे, आणि देवगडचा आंबा हे त्यास चांगले निमित्त आहे.

हापूस आंब्यास २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तरी परप्रांतीचे फळ देवगडच्या पेटीत घालून विकण्याचा धंदा थांबला नाही. तेव्हा देवगड तालुका आंबा उत्पादक सहकारी संस्थेने २०२५ च्या हंगामात प्रत्येक फळावर स्वतंत्र क्रमांकाचा स्टिकर लावण्याचा उपक्रम हाती घेतला. गिऱ्हाइकाने त्याचे छायाचित्र व्हॉट्सॲपवर धाडून फळाची खातरजमा करून घ्यावी, अशी योजना. बागायतदारास स्टिकर मिळावयाचे ते त्याच्या कलमांच्या संख्येवरून. म्हणजे बागेबागेची मोजदाद आली, नोंदवही आली, आणि त्या वहीत काय व कोणाच्या संमतीने लिहावे, हा प्रश्नही आला.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. दीडशे वर्षांपूर्वी पुण्यात तो याहून फार कठीण प्रसंगी उभा राहिला होता.

पुणे सार्वजनिक सभा २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झाली, ती पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या तक्रारींतून. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, हे तिचे प्राण होते. किमान ५० प्रौढ माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणल्यावाचून कोणासही सभेचा सभासद होता येत नसे. इंग्रजी विद्या शिकलेल्या माणसास लोकांच्या वतीने बोलण्याचा मोह फार. त्या मोहास सभेने हे कुंपण घातले. (आमच्या व्यवसायबंधूंस ही अट लावली तर कित्येक परिषदा ओस पडतील, पण ते असो.)

पुढे १८७६ साली दख्खनेत दुष्काळ पडला. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती आणविली आणि सरकारास एकामागून एक वृत्तान्त सादर केले. १८७७ च्या जानेवारीत सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानुसार दुष्काळी कामांवरील मजुरी उतरविण्यात आली: मोठ्या पुरुषास दिवसाकाठी एक पौंड धान्य व वर अर्धा आणा. एक पौंड म्हणजे सुमारे ३९ तोळे, अर्ध्या शेरासही किंचित कमी. तेवढ्यावर दिवसभर अंगमेहनत करावयाची! मद्रासेकडे डॉ. कॉर्निश या सरकारच्याच आरोग्याधिकाऱ्याने या मापास विरोध केला. मुंबई इलाख्यात हजारो मजूर कामे सोडून निघून गेले. सरकारी कोष्टकात याची नोंद कामावरील संख्येत घट, एवढीच होऊ शकत होती. ती माणसे का गेली हे सभेने सरकारास लिहून कळविले आणि त्यांची बाजू घेतली.

सभेविषयी आम्हास आंधळी भक्ती नाही. तीतील मंडळी बहुतेक सुशिक्षित व वरच्या वर्णांतील. खडी फोडणाऱ्याचा अंगठा तिच्या मुखत्यारपत्रांवर क्वचितच उमटला असेल. तथापि आपणास हा अधिकार कोणी दिला, हे दाखविता आले पाहिजे, एवढे तिने स्वतःवर बंधनकारक करून घेतले होते.

देवगडची संस्था सहकारी आहे, म्हणजे मोजणारे आणि मोजले जाणारे बरेचसे एकच. ही मोठीच सोय होय. परंतु कोकणातील सातबारावर एकेका बागेस कित्येक हिस्सेदार असतात आणि त्यांतले पुष्कळ मुंबईस. बाग कराराने घेऊन मोहोरापासून फळ उतरेपर्यंत फवारणी व राखण करणारा मनुष्य निराळाच. वहीत नाव कोणाचे घालावयाचे? हिस्सेदाराचे घातले तर राखणाऱ्याच्या घामाचे फळ विनाओळखीचे राहील, आणि करारदाराचे घातले तर धन्यास आपल्या जमिनीची धास्ती वाटेल.

शिवाय हापूस हे लहरी झाड. एका वर्षी भरभरून फळते आणि पुढल्या वर्षी बहुधा विसावा घेते. कलमांचा आकडा मात्र वहीत तोच राहतो. भराच्या वर्षी अस्सल फळास स्टिकर पुरणार नाहीत, आणि ओढीच्या वर्षी ते शिल्लक पडतील. ते शिल्लक स्टिकर कोणत्या पेटीत गेले हे यंत्रास कळावयाचे नाही. शेजारच्या बागायतदारास ते ठाऊक असते, पण त्याला विचारण्याची जागा वहीत अजून ठेवावयाची आहे.