सागवानी खुर्चीचा पूर्वेतिहास

घरातली जुनी खुर्ची खिळखिळी झाली म्हणजे तिचे काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता सुताराचा आहे. पण डहाणू-तलासरीच्या मुलखात तो इतिहासाचाही आहे, असे आम्हांस वाटते. हल्ली पुष्कळ घरांतून हौशी मंडळी जुन्या लाकडी सामानाला आपल्या हाताने पॉलिश करतात, मोडक्या पलंगाचे बाक करतात, दाराच्या फळीला पाय लावून टेबल करतात. ही हौस आम्हांस मान्य आहे. चांगल्या सागवानावर सनमायका चिकटवण्यापेक्षा ती शतपटीने बरी! मात्र हाती असलेले लाकूड कोणी तोडले व कोणी वाहिले, हेही ठाऊक असावे.

खुर्ची आपल्या घरांत तशी उशिराच आली. आपला संसार पाट, चौरंग, पलंग आणि झोपाळा यांवर चाले. कपाटाची ‘चावी’ हा शब्द पोर्तुगीजांचा. डहाणूचा किल्ला 1739 साली मराठ्यांनी घेतला. फिरंगी गेले, चावी मात्र राहिली. पुढे इंग्रजी अमलात कचेऱ्या आल्या, शाळा आल्या, आणि त्यांच्यामागून टेबल-खुर्ची आली. 1864 साली या किनाऱ्याने जाणारी रेल्वे मुंबईस पोहोचली आणि ठाणे जिल्ह्याच्या जंगलातले लाकूड शहराच्या हाताशी आले.

लाकूड होते, पण ते कोणाचे? 1878 च्या जंगल कायद्याने सरकारचा हात वनांवर पक्का बसला. ज्या सागाच्या सावलीत वारली वाढला, तो साग परवानगीवाचून तोडणे हा त्याचा गुन्हा ठरला. गाऱ्हाणी इतकी वाढली की सरकारला चौकशीसाठी आयोग नेमावा लागला; त्याचा अहवाल 1887 साली आला. तथापि वारल्याच्या हालात फारसा फरक पडला नाही. जमीनदारासाठी वेठ, लग्नाच्या कर्जापायी पत्करलेली ‘लग्नगडी’ची गुलामी, आणि ठेकेदाराच्या कुपावर तुटपुंज्या मजुरीत तोडणी, असे त्याचे आयुष्य होते. सिमिंग्टन नावाच्या सरकारी अधिकाऱ्याने 1939 च्या अहवालात या वेठीचे वर्णन केले आहे.

जानेवारी 1945 मध्ये टिटवाळ्याच्या किसान सभेच्या अधिवेशनास येथले वारली गेले, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठीविरुद्ध उठाव झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरात तलवाडा येथे जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड त्यांतलाच. पुढल्या वर्षी संप झाला, तेव्हा जंगलकामाला रोजी सव्वा रुपया मिळावा, ही एक मागणी होती. सव्वा रुपया! 1947 पासून मुंबई सरकारने जंगल कामगारांच्या सहकारी सोसायट्या काढून त्यांना कूप देण्यास आरंभ केला, तेव्हा कोठे ठेकेदाराची पकड सैल होऊ लागली. म्हणून त्या काळापूर्वीच्या सागवानी सामानावर पॉलिश फिरवताना आमचा हात थोडा अडखळतो.

आता हाताच्या कामाविषयी दोन शब्द. जुन्या सामानावर बहुधा लाखेचे पॉलिश असते. आडोशाच्या जागी स्पिरिटचा बोळा टेकवावा. पृष्ठभाग चिकट झाला तर लाख समजावी. अशी लाख खरवडण्याची गरज नसते. स्पिरिटने ती विरघळते व पुन्हा बसते. पण वर जुना ऑइलपेंट असेल तर सावध राहावे. अशा रंगांत शिसे असण्याचा संभव असतो, आणि कोरडे घासले म्हणजे त्याची धूळ पोराबाळांच्या पोटात जाते. घरगुती रंगांतल्या शिशावर आपल्याकडे कडक मर्यादा आली ती 2016 च्या नियमांनी.

दुसरी हौस अशी की, जुन्या कपाटावर वारली चित्रे काढायची. जिव्या सोमा मशे हे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. त्यांच्यामुळे 1970 नंतर ही कला जगभर गेली, आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. मुळात हे चित्र लग्नाचा चौक होय: सवाष्णींनी तांदळाच्या पिठाने कुडाच्या भिंतीवर काढलेला, आत पालघट देवी असलेला. त्यातला तारपा उचलून बाटलीतल्या रंगाने कपाटावर गिरवणे आम्हांस रुचत नाही. चित्र हवेच असेल तर तलासरीच्या पाड्यावरच्या चित्रकाराकडून काढून घ्यावे, आणि तो सांगेल तो मोबदला द्यावा.

आणि एक. बैठकीची खालची बाजू पॉलिशपेपरने घासू नये. तेथे करवतीचे वळ असतात. वळ सरळ, पण कमीजास्त अंतराचे असतील, तर ती फळी बहुधा दोन माणसांनी ओढलेल्या करवतीने निघाली आहे. कमानीसारखे वाकलेले असतील, तर ती गिरणीच्या गोल करवतीची.