आभाळातले खळे

जव्हार आणि मोखाडा हे तालुके २०१४ साली ठाणे जिल्ह्यातून नव्या पालघर जिल्ह्यात आले. या डोंगराळ मुलखातली भात-नागलीची शेती पावसाच्या चार महिन्यांवर उभी असते. अशा ठिकाणी माणूस आभाळाकडे हौसेने नव्हे, गरजेने पाहतो. खळे म्हणजे मळणीची सारवलेली गोल जागा; मधोमध तिवडा, भोवती फिरणारे बैल. चंद्राभोवती पडणाऱ्या प्रकाशाच्या कड्यालाही मराठी शेतकऱ्याने खळेच म्हटले. नवल असे की, इंग्रजी ‘हेलो’ ज्या ग्रीक शब्दापासून आला, त्याचाही मूळ अर्थ मळणीची जागा हाच! अरबी-उर्दूत आपण त्याला ‘हाला’ म्हणतो.

सहाव्या शतकात वराहमिहिराने ‘बृहत्संहिते’त या परिवेषाचे रंग नोंदवले आणि त्यांवरून पाऊसपाण्याचे व राजांचे भाकीत सांगितले. बसऱ्याच्या इब्नुल हैसम यांनी १०२८ मध्ये हाला आणि इंद्रधनुष्य यांवर स्वतंत्र रिसाला लिहिला. शकुन बाजूला ठेवून त्यांनी विचारले, प्रकाश इथे वळतो कसा?

आपल्या सभा-संमेलनांत त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. पण त्यांचे हे उत्तर बरोबर नव्हते, हेही आम्ही सांगायला हवे. दमट, दाट हवेवरून होणाऱ्या परावर्तनात ते कारण शोधत होते. सुमारे तीनशे वर्षांनी कमालुद्दीन फारसी यांनी त्यांच्याच ग्रंथांवर भाष्य करताना, पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यावर प्रयोग करून इंद्रधनुष्याचे उत्तर दुरुस्त केले. उस्तादाचा आदर राखूनही त्याची चूक सुधारता येते, ती अशी. खळ्याचे कोडे मात्र सतराव्या शतकात फ्रान्सच्या मारिओत यांनी बर्फाच्या स्फटिकांवरून सोडवले.

जव्हारवर बर्फ कुठला? जमिनीवर नाही, पण आठ-दहा किलोमीटर उंचीवर भर उन्हाळ्यातही हवा गोठलेली असते. तिथल्या पातळ तंतुमेघांत षट्कोनी हिमस्फटिक तरंगतात. त्यांतून जाणारा किरण सुमारे २२ अंशांनी वळतो आणि कडे दिसते. हात लांब करून पंजा ताणला, तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण तेवढेच अंतर भरते.

खळे दूर असेल तर पाऊस जवळ, हा मराठी मुलखातला जुना समज. त्यात निरीक्षण आहे. चंद्राला चिकटलेले लहान कडे बहुधा पाण्याच्या थेंबांचे, दूरचे हिमकणांचे. आणि तंतुमेघ कधी कधी पावसाळी ढगांच्या आधी येतात. दर वेळी मात्र नाही.

पूर्वजांची नावे मिरवणे सोपे असते. इब्नुल हैसम यांनी टॉलेमीवरच्या शंकांचे अख्खे पुस्तक लिहिले होते. त्यांचा वारसा सांगायचा, तर आमच्या मुलांच्या हाती आधी ती शंका द्यावी लागेल.