टपालांतील फिल्म आणि अदृश्य किरण

पॅरिसमध्यें १८९६ च्या फेब्रुवारींत आंरी बेकरेल यांनीं काळ्या कागदांत गुंडाळलेल्या फोटोच्या कांचेवर युरेनियमचा क्षार ठेवला. हवा ढगाळ पडल्यानें तें सर्व खणांत राहिलें. पण कांच धुऊन पाहतां सूर्यप्रकाशावांचूनहि तीवर छाया उमटलेली दिसली. कांचेचा हा हळवेपणा पदार्थविज्ञानास उपकारक ठरला. पुढें १०५ वर्षांनीं त्याच गुणानें छायाचित्रांचा घात कसा झाला, ती हकीकत आम्हांस सांगावयाची आहे.

२००१ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरांत अमेरिकेंत काळपुळी ऊर्फ अँथ्रॅक्स या रोगाचे जंतु पाकिटांतून टपालानें पाठविले गेले. २२ जणांस बाधा झाली, पैकीं ५ दगावले. सिनेटर डॅश्ल यांच्या कचेरींत तसलें पाकीट १५ ऑक्टोबरला उघडलें गेलें. तें ज्या ब्रेंटवुड टपालगृहांतून आलें तें मात्र २१ तारखेपर्यंत चालूच होतें! तेथील दोन कामगार मरण पावले. सिनेटच्या इमारतीची जेवढी तांतडीनें काळजी घेतली गेली तेवढी टपाल निवडणारांची घेतली गेली नाहीं, हें नमूद केल्यावांचून आम्हांस राहवत नाहीं.

मग वॉशिंग्टनच्या सरकारी कचेऱ्यांचें टपाल ओहायोंतील लिमा येथें व न्यू जर्सींतील ब्रिजपोर्ट येथें नेऊन त्यावर वेगवान इलेक्ट्रॉनांचा मारा सुरू झाला. जंतु मेले, पण कागद पिवळे व ठिसूळ झाले, आणि न धुतलेली फिल्म तर पार वायां जाई. फिल्मवरील चांदीच्या क्षाराच्या कणांस प्रकाश कोणता व किरण कोणते हा विवेक नाहीं. शीघ्रग्राही फिल्मचे कण मोठे, म्हणून ती आधीं बिघडते. साध्या क्ष-किरण तपासणीचा परिणामहि दर खेपेस सांचत जातो. तींत कोणा गेलेल्या माणसाचें अखेरचें चित्र असेल तर तें कोण परत देणार?

शिशाची पिशवी पुष्कळांस सुचते. परंतु आंतलें दिसेनासें झालें कीं तपासनिसाचा संशय वाढतो व पुडकें पुन्हां यंत्रांत जातें. जंतुनाशक माऱ्यापुढें तर तिचा टिकावच नाहीं. त्यापेक्षां फिल्म आधीं धुवावी, मग पाठवावी. धुतलेल्या चित्रास तपासणीचे क्ष-किरण बाधत नाहींत. आणि मारा होणाऱ्या टपालानें तीहि पाठवूं नये. माणसाच्या हातीं द्यावी.