प्लॅटिनमची जाळी

परवा नात पाठ करत होती, "उत्प्रेरक अभिक्रियेचा वेग बदलतो, पण स्वतः बदलत नाही." मी बी.ए.वाला मास्तर, विज्ञानाचे सर रजेवर असले की त्यांचा तास माझ्याकडे यायचा. हेच वाक्य मीही घोकून घेतलं होतं. एकदा मागच्या बाकावरून प्रश्न आला, "गुरुजी, ते कधीच झिजत नाही?" मी म्हणालो, "पुस्तकात आहे तेवढं लिही."

खरा इतिहास निवृत्तीनंतर वाचला. कोळशाचा वायू आणि हवा यांच्या मिश्रणात प्लॅटिनमची तापलेली तार ज्योतीशिवाय लाल राहते, हे १८१७ मध्ये हम्फ्री डेव्हीने सांगितलं. ती क्रिया म्हणजे ऑक्सिडीकरण. 'कॅटॅलिसिस' हे नाव १८३५ मध्ये बर्झेलियसने दिलं. पुढे ओस्टवाल्डने प्लॅटिनमच वापरून अमोनियापासून नायट्रिक आम्ल करण्याची रीत बसवली. १९०२ मध्ये तिचं पेटंट घेतलं. त्या आम्लातून खतं झाली, पहिल्या महायुद्धातली स्फोटकंही झाली.

आणि त्या कारखान्यांतली प्लॅटिनमची जाळी? सुमारे ९०० अंश सेल्सिअसला थोडं प्लॅटिनम स्वतःच ऑक्सिजनशी संयोग पावून उडून जातं. काही महिन्यांनी जाळी बदलावी लागते.

म्हणजे मुलाचा प्रश्न रास्त होता. आज तो पन्नाशीचा असेल. त्याला उत्तर द्यायचं राहिलं, म्हणून नातीला सगळं सांगितलं.